दाताच्या डॉक्टरांची वेळ: घ्यायची कशी, पाळायची कशी आणि चुकली तर काय करायचं

पहिल्यांदाच दाताच्या दवाखान्यात येणारी माणसं दारातून आत आली की विचारतात, "नंबर कितवा?" त्यांचं काही चुकत नाही. ताप-खोकल्याच्या डॉक्टरांकडे नंबरच असतो. सकाळी लवकर जायचं, कंपाउंडरला नाव सांगायचं, दोन तासांनी पाळी येते. दाताच्या दवाखान्यात मात्र नंबर चालत नाही, तिथं वेळ घ्यावी लागते. हे कुणी आधी सांगितलेलं नसल्यामुळे कितीतरी जण पहिल्याच दिवशी नाराज होऊन परत जातात.

मी बेळगावात एका दाताच्या दवाखान्यात अकरा वर्षं रिसेप्शनवर होते. फोन उचलणं, वही भरणं, आलेल्यांना बसवून घेणं आणि न आलेल्यांना फोन करणं हे माझं काम. नव्यानं या भागात राहायला आलेल्यांसाठी हे लिहितेय. म्हणजे शिकायला आलेली मुलं, बदली होऊन आलेली कुटुंबं, चंदगड तालुक्यातून उपचाराला येणारी माणसं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसणारे आपल्याच गावचे काका-मावशी.

वहीचं पान कसं असतं

आमच्या वहीत एका पानावर एक दिवस असायचा आणि अर्ध्या तासाला एक ओळ. नुसतं दात बघायचे असतील तर एक ओळ पुरते. दात साफ करायचे किंवा सिमेंट भरायचं असेल तरी साधारण तेवढंच. रूट कॅनलला दोन ओळी, आडव्या अक्कलदाढेला दोन आणि कधी तीन. नाव आधी पेन्सिलीनं लिहायचं आणि आदल्या दिवशी फोनवर "येतो" असं कळलं की पेननं गिरवायचं. लहान दवाखान्यात खुर्ची एकच असते. तुम्ही त्यात बसला आहात तोवर दुसऱ्या कुणाला घेता येत नाही.

एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळी अकराच्या सुमारास वडगावच्या एक मावशी आल्या. गाल सुजलेला, पदरानं अर्धा चेहरा बांधलेला, रात्रभर झोप नाही. डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या, पण दाढेचं काम करायला वेळच नव्हती. पान भरलेलं. "उद्या चारला या" म्हणून मी त्यांना पाठवलं. आणि बारा वाजता ज्यांच्या नावावर दोन ओळी होत्या ते आलेच नाहीत. फोन बंद. निर्जंतुक केलेल्या हत्यारांचा ट्रे उघडून ठेवलेला, डॉक्टर खुर्चीशेजारी उभे, आणि तासभर खुर्ची रिकामी. मावशींचा फोन नंबर मी घेतला नव्हता, त्यामुळे त्यांना परत बोलावताही आलं नाही. त्या दिवसापासून परत जाणाऱ्या प्रत्येकाचा नंबर मी घ्यायला लागले. तुम्हाला लवकरची वेळ मिळत नसेल तर तुम्हीही आपणहून सांगा: "माझा नंबर लिहून घ्या, कुणाची वेळ रिकामी झाली तर लगेच फोन करा, मी जवळच राहतो." या एका वाक्यावर कितीतरी जणांना त्याच दिवशी खुर्ची मिळालेली मी पाहिली आहे.

फोन करण्याआधी

कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा. काय होतंय: दुखतंय, ठणकतंय, गार पाणी लागतंय, हिरडीतून रक्त येतंय की दात हलतोय. कधीपासून होतंय. कुठले आजार आहेत आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत. आणि आठवड्यातले कुठले दिवस, कुठल्या वेळा तुम्हाला खरोखर जमतात.

तिसरी गोष्ट लोक फोनवर सांगत नाहीत, खुर्चीवर बसल्यावर सांगतात, आणि मग ठरलेलं काम पुढे ढकलावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दात काढण्याआधी डॉक्टरांना तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलावं लागू शकतं. त्या गोळ्या आपल्या मनानं कधीही बंद करू नका. हृदयाची झडप बदललेली असेल तर कामाच्या आधी औषध घ्यावं लागतं. साखर असेल तर सकाळची वेळ मागा. नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊनच या, उपाशी पोटी येऊ नका. दिवस गेलेले असतील तर तेही सांगा, कारण मधले तीन महिने दातांच्या कामाला सोयीचे असतात आणि वेळ त्या हिशेबानं देता येते.

चौथ्या गोष्टीबद्दल कळकळीनं सांगते. "कधीही चालेल" म्हणू नका. कधीही चालेल म्हणणाऱ्यांचीच वेळ सगळ्यात जास्त चुकते.

फोनवर काय विचारायचं

नाव, गाव आणि फोन नंबर सांगितल्यावर त्रास सांगा आणि मग विचारा: काम किती वेळचं आहे, किती बैठका लागतील, पहिल्या दिवशी नुसतं बघणार की काम सुरू करणार. पहिल्या दिवशी बऱ्याचदा तपासणी आणि एक्स-रे एवढंच होतं. दुरून येणार असाल तर हे आधी कळलेलं बरं.

एक प्रश्न नवखे कधीच विचारत नाहीत, पण तो फार महत्त्वाचा आहे: "हे काम इथले डॉक्टर करणार की बाहेरून कुणी येणार?" खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर असल्या गावांत दवाखाना एका डॉक्टरांचा असतो. पण अवघड रूट कॅनल, आडव्या दाढा किंवा दाताच्या तारा यांचे खास डॉक्टर ठरलेल्या वारी बाहेरून येतात, बेळगावहून, कोल्हापूरहून किंवा मिरजेहून. आठवड्यातून एक दिवस, कुणी महिन्यातून दोनच दिवस. ती वेळ चुकली तर "उद्या येतो" म्हणून भागत नाही, ते डॉक्टर पुन्हा येतील तेव्हाच काम होतं. त्यांचा वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता भाषेचं. बेळगाव शहरात बहुतेक दवाखान्यांत मराठी बोलणारं कुणी ना कुणी असतं. चिकोडी, अथणी, गोकाक, बैलहोंगलकडे गेलात तर फोन उचलणारी मुलगी कन्नडमध्येच बोलेल. पाटीही कन्नडमध्ये असते. "हल्लिन आस्पत्रे" म्हणजे दाताचा दवाखाना. "हल्लिन आस्पत्रे कुठं आहे" विचारलं तर रस्त्यावर कुणीही दाखवतं. घोटाळा होतो तो वेळ सांगताना. आपण "पावणेसहा" म्हणतो, पुढच्या आकड्याचं नाव घेऊन. कन्नडमध्ये त्याच वेळेला "ऐदु मुक्कालु" म्हणतात, म्हणजे मागच्या आकड्याचं नाव घेऊन: पाच आणि वर पाऊण. आपल्या कानाला "ऐदु" एवढंच ओळखीचं लागतं आणि माणूस पाचला येऊन बसतो. उलटंही होतं. आपण पावणेसहा म्हटलेलं तिकडे "सहा" म्हणून लिहिलं जातं. "ऐदूवरे" म्हणजे साडेपाच, "ऐदु कालु" म्हणजे सव्वापाच. म्हणून पाव-पाऊण सोडून द्या, सरळ "पाच पंचेचाळीस" म्हणा. वारांची नावं दोन्ही भाषांत जवळपास सारखीच आहेत, त्यामुळे तारखेबरोबर वारही बोला. शेवटी सगळं एकदा त्यांच्याकडून वदवून घ्या, किंवा व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवायला सांगा.

यायला जमणार नसेल तर एवढं कन्नड पुरतं: "इवत्तु बराक आगंगिल्ला, ब्यारे टाइम कोडरी." आज यायला जमणार नाही, दुसरी वेळ द्या. मोडकं बोललात तरी चालतं. समोरच्या माणसाला तुम्ही फोन केलात याचंच बरं वाटतं.

दिवस निवडताना

दात काढायचा असेल, विशेषतः अक्कलदाढ, तर सकाळची वेळ घ्या आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्या. शनिवारी संध्याकाळी दाढ काढली आणि रात्री रक्त थांबेना झालं, तर रविवारी दवाखाना बंद. सोमवारी-मंगळवारी काढली तर दुसऱ्या दिवशी दाखवायला डॉक्टर असतात. खेड्यातून येणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे. कणकुंबी, जांबोटीकडच्या माणसांनी संध्याकाळची वेळ घेऊच नये. तोंडात कापसाचा बोळा, अर्धा जबडा बधिर आणि शेवटची बस निघून गेलेली, अशा अवस्थेत बसस्टँडवर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. डॉक्टर बोळा दाबून धरायला सांगतात तो निदान अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तो वेळ दवाखान्यातच काढता यावा, असा हिशेब करा.

लहान मुलांना सकाळी आणा, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना. शाळा सुटल्यावर दमून आलेलं पोर तोंड उघडत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते.

बेळगावचे काही दिवस टाळाच. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा दिवस, अनंत चतुर्दशी आणि तिचा दुसरा दिवस. एक नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस, शहरातले रस्ते कुठं बंद असतील सांगता येत नाही. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधानसभेचं अधिवेशन भरलं की हलग्याकडून महामार्गानं येणाऱ्यांनी हाताशी जादा वेळ ठेवावा. सीमेवर काही तणाव झाला तर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीपर्यंतच येतात. शिनोळीच्या पलीकडून किंवा कागलकडून येणाऱ्यांनी त्या दिवसांत निघण्याआधी फोन करावा. खानापूरकडच्या शेतकऱ्यांना मी नेहमी आधी विचारायची, "रोपलावणी झाली काय?" जुलैत शेतात चिखल आणि माणसांची ओढाताण चालू असताना घेतलेली वेळ पाळली जात नाही. त्यापेक्षा लावणी उरकल्यानंतरचीच घ्यावी. पण दुखत असेल तर थांबू नका.

त्या दिवशी

आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून फोन किंवा मेसेज येतो. तो उचला आणि उत्तर द्या. अनोळखी नंबर म्हणून न उचलणारे फार असतात. दवाखान्याचा नंबर नावानं साठवून ठेवला की प्रश्न मिटतो.

वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. पहिल्यांदा जाताना वीस मिनिटं आधी, कारण कागद भरायचा असतो. टिळकवाडीत येणार असाल तर रेल्वे गेट लक्षात ठेवा. पहिलं किंवा दुसरं गेट पडलं आणि गाडीमागून गाडी असली तर दहा मिनिटं तिथंच जातात. अडकलात तर तिथूनच फोन करा: "गेटात अडकलोय, दहा मिनिटांत येतो." आम्ही त्या दहा मिनिटांत दुसऱ्या कुणाचा एक्स-रे काढून घ्यायचो. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर मात्र पुढच्या माणसाची वेळ कापावी लागते. तेव्हा तुमचं काम अर्धंच केलं किंवा दुसरा दिवस दिला, तर तो राग समजू नका.

बायकांसाठी एक सोय आहे. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्यातल्या सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. चार-पाच बैठका असल्या की तिकिटाचा खर्च वाचतो. आधार कार्ड जवळ ठेवा. हद्द ओलांडून जाणाऱ्या प्रवासाला ही सवलत धरू नका.

निघताना जुने एक्स-रे, जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. नाव आठवलं नाही तरी पाकीट दाखवता येतं.

दिवे गेले तर? हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, दुरुस्ती असली की काही भागांत दिवसभर वीज नसते. इन्व्हर्टरवर सगळीकडे खुर्ची चालतेच असं नाही. असं असलं तर दवाखाना स्वतः कळवतो, पण लांबून येणाऱ्यांनी सकाळी एक फोन केला तर खेप वाचते.

येता येणार नसेल तर

कळल्या क्षणी फोन करा. एक दिवस आधी कळवलंत तर ती वेळ नक्की दुसऱ्याला देता येते. सकाळी कळवलंत तरी बऱ्याचदा देता येते. अर्धा तास आधी कळवलंत तरी कळवा. कारण सांगायची गरज नाही. लोक कारण तयार करण्यात वेळ घालवतात, मयत झाली म्हणतात, गाडी बंद पडली म्हणतात. आम्हाला कारण नको असतं. "आज जमत नाही, पुढची वेळ द्या" एवढं पुरे. आणि नुसतं रद्द करून फोन ठेवू नका, त्याच फोनवर पुढची तारीख घ्या. "मी नंतर करते फोन" म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे फोन करतात.

दुखायचं थांबलं म्हणून न येणं

आता जे सगळ्यात जास्त जिवाला लागतं ते सांगते. रूट कॅनलच्या पहिल्या बैठकीत डॉक्टर दाताच्या आतली सडलेली नस काढतात, आत औषध ठेवतात आणि वरून कच्चं सिमेंट लावतात. त्या रात्री बऱ्याच जणांना आठवड्यानंतर पहिल्यांदा नीट झोप लागते. दुखणं जातं. आणि दुखणं गेलं की माणूस येत नाही.

एक काका होते, जांबोटीच्या बाजूचे. पहिल्या बैठकीनंतर इतके खूश झाले की दुसऱ्या वेळेला येण्याऐवजी त्यांनी भाच्याबरोबर आमच्यासाठी फणस पाठवून दिला. दोनदा फोन केला तर म्हणाले, "अक्का, आता काय बी होत नाही बघ. लावणी उरकली की येतोच." आले ते पाच महिन्यांनी, दात मधून उभा चिरलेला घेऊन. तो काढावाच लागला. पहिल्या बैठकीचे पैसे गेले, दातही गेला, आणि पुढे तिथं नवा दात बसवायचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

असं का होतं, ते समजून घ्या. नस काढली म्हणून दुखत नाही, पण आतल्या नळ्या अजून पक्क्या भरलेल्या नसतात. वरचं कच्चं सिमेंट थोड्या आठवड्यांसाठीच असतं. ते झिजलं की लाळ आणि जंतू आत शिरतात आणि मुळाशी पुन्हा पू धरतो, यावेळी कधी कधी न दुखताच. आतून पोकळ झालेला दात भाकरीचा कडक पापुद्रा किंवा भाजका शेंगदाणा चावतानाही फुटू शकतो. म्हणून नळ्या पक्क्या भरणं आणि वर कॅप बसवणं होईपर्यंत काम संपलेलं नसतं. मधे कितीही बरं वाटलं तरी. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "एकूण किती वेळा यावं लागेल?" आणि त्या सगळ्या तारखा एकदम घ्या. एकेक करून घेतल्या की मधली एखादी हमखास गळते.

आमच्या टेबलाच्या खालच्या खणात छोट्या प्लास्टिकच्या डब्या असायच्या. प्रत्येक डबीत प्लॅस्टरचा दाताचा साचा आणि त्यावर तयार झालेली कॅप, झाकणावर नाव. लॅबमधून आलेल्या, पैसे अर्धे भरलेल्या, आणि कुणी घ्यायला न आलेल्या. दर दिवाळीला खण साफ करताना मी त्या मोजायची आणि प्रत्येकाला फोन लावायची. कॅपसाठी दात घासून लहान केलेला असतो. महिना-दोन महिने तो तसाच राहिला की शेजारचे दात त्याच्याकडे कलतात, समोरचा दात खाली उतरतो, आणि तीच कॅप मग बसत नाही. पुन्हा माप, पुन्हा लॅब, पुन्हा पैसे.

तारा लावलेल्या मुलांचंही तसंच. साधारण चार ते सहा आठवड्यांनी एकदा दाखवावं लागतं. वेळा चुकत गेल्या की वर्ष-दीड वर्षाचं काम लांबत जातं. बदली होणाऱ्या कुटुंबांनी, आणि शिक्षण संपवून गाव सोडणाऱ्या मुलांनी, निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांना सांगावं आणि एक्स-रे, साचे, झालेल्या कामाची नोंद बरोबर घ्यावी. नव्या गावातल्या डॉक्टरांना त्यावरून पुढचं काम धरता येतं.

पैशाचे नियम

आपल्याकडे लहान दवाखान्यांत चुकलेल्या वेळेचा दंड सहसा नसतो. मोठ्या ठिकाणी मात्र नोंदणीचे किंवा तपासणीचे पैसे आधी घेतात. ते परत मिळतात का, तारीख बदलली तर पुढे धरतात का, हे भरण्याआधी विचारा आणि पावती घ्या. कर्नाटकात २००७ च्या कायद्याप्रमाणे खासगी दवाखान्यांची नोंदणी लागते आणि दर लावून ठेवणंही त्यात येतं, त्यामुळे दर विचारायला संकोच करू नका. कॅप किंवा कवळीसाठी घेतलेली आगाऊ रक्कम माप लॅबला गेल्यानंतर परत मागणं अवघड, कारण लॅबचं काम सुरू झालेलं असतं. माप देण्याआधी मन बदललं तर लगेच सांगा.

हातात पैसे नाहीत म्हणून वेळ चुकवणारे खूप असतात, आणि ते कधीच तसं सांगत नाहीत. सांगा. हप्ते करून देणारे, आधी गरजेचा दात आणि मग बाकीचं अशी आखणी करून देणारे डॉक्टर या भागात भरपूर आहेत. नुसतं "पुढच्या महिन्यात पगार झाल्यावर येते" म्हटलं तरी दात तोवर तग धरेल असं काहीतरी ते करून देतात.

दवाखान्यानं तुमची वेळ पाळली नाही तर

हेही बोललंच पाहिजे. अर्धा तास उशीर होऊ शकतो, कारण आत कुणाचा तरी दात अडकलेला असतो. पण पाऊण तास कुणी काहीच न सांगता बसवून ठेवलं तर उठून शांतपणे विचारा, "अजून किती वेळ लागेल? मी थांबू की दुसरी वेळ देता?" तो तुमचा हक्क आहे. डॉक्टर येणार नसतील तर कळवणं ही दवाखान्याची जबाबदारी. माझ्याकडून हे एकदा राहून गेलं होतं. कारवारकडून आलेलं एक कुटुंब बंद दारासमोर उभं होतं. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी ठेवली होती. वारंवार असं होत असेल तर आपले एक्स-रे आणि नोंदी मागून घ्या आणि दुसरा दवाखाना बघा.

दंत महाविद्यालयात जायचं असेल तर

नेहरूनगरातलं केएलईचं दंत महाविद्यालय १९८५ पासून आहे, आणि मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालयही शहरात आहे. तिथं खर्च कमी येतो आणि सगळे विभाग एकाच छताखाली असतात. पद्धत वेगळी असते: सकाळी जाऊन खिडकीवर नाव नोंदवायचं, केसपेपर घ्यायचा, तपासणी झाली की तुम्हाला त्या-त्या विभागात पाठवतात. पहिल्या दिवसासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवून जा. काम विद्यार्थी करतात, शिक्षक प्रत्येक टप्पा तपासतात, त्यामुळे बैठका जास्त आणि लांब असतात.

इथं वेळ चुकवण्याचा अर्थ वेगळा होतो. तुमची केस एका विद्यार्थ्याच्या नावावर असते आणि ती पूर्ण होणं त्याच्या अभ्यासाचा भाग असतं. ती मुलं स्वतःच्या फोनवरून फोन करतात. त्या मुला-मुलीचा नंबर आणि विभागाचं नाव लिहून ठेवा. त्यांची परीक्षा कधी आहे, त्यांचं त्या विभागातलं काम कधी संपतंय, हे विचारा. त्याआधी काम उरकेल अशा तारखा घ्या, म्हणजे मधेच दुसऱ्या हातात जायची वेळ येत नाही. केसपेपर हरवू नका.

वेळ न घेता लगेच जायचं ते केव्हा

सूज गालावरून गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही किंवा श्वास अडतोय: दाताच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. दात काढल्यावर बोळा दाबूनही रक्त थांबत नसेल तरीही तेच. आणि पडून पक्का दात मुळासकट निघाला तर त्याला मुळाकडून हात लावू नका, वरच्या भागाला धरा. माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा, घासू नका, आणि जमलं तर जागेवर बसवा. नाहीतर दुधात बुडवून अर्ध्या तासाच्या आत डॉक्टरांकडे पोचा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत, पण मुलाला दाखवून आणा. अशा वेळी दारात पोचल्या पोचल्या सांगा, "दात पडलाय, दुधात घालून आणलाय." पान कितीही भरलेलं असलं तरी आम्ही अशांना आधी घ्यायचो.

वेळ चुकलीच असेल तर

वेळ चुकल्यावर बहुतेकांना लाज वाटते. दोनदा चुकली की जास्त वाटते, आणि मग माणूस त्या गल्लीनं जायचंच सोडतो. त्या लाजेपायी जितके दात गेलेले मी पाहिले तितके किडीनंही गेले नसतील, असं मला मनापासून वाटतं. फोन करा. कितीही महिने झाले असोत. म्हणा, "माझी मागची वेळ चुकली, पहिली बैठक झालेली आहे, पुढची वेळ द्या." तुमचा जुना कागद फाईलमध्ये असतो, डॉक्टर तो काढून बघतात आणि एखादा नवा एक्स-रे घेऊन काम कुठून धरायचं ते ठरवतात. सिमेंट पडलंय, कॅप हललीय, पुन्हा दुखतंय असलं काही असेल तर फोनवरच सांगा, म्हणजे तेवढी जास्तीची ओळ राखून ठेवता येते. एखाद्या ठिकाणी दोन-तीनदा चुकलेल्यांकडून आधी थोडे पैसे मागतात किंवा दिवसाची शेवटची वेळ देतात. ते मान्य करा आणि जा.

एक तरुण मुलगा आमच्या दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर बरेच दिवस दिसायचा. एक दिवस मीच रस्ता ओलांडून गेले. त्याची रूट कॅनल सात महिन्यांपूर्वी अर्धी राहिली होती आणि आत यायचं धाडस होत नव्हतं. मी वही बरोबरच नेली होती. बुधवारी साडेदहाची ओळ रिकामी होती. मी पेन्सिलीनं त्याचं नाव लिहिलं आणि त्याला दाखवलं. बुधवारी सव्वादहाला तो दारात उभा होता.